पंक्तीबाहेर बारा महिने

पुण्यातल्या शास्त्रीमंडळींत मी कडक म्हणून ओळखला जात असे, आणि ती ओळख मला आवडत असे. कुणाच्या हातून आचार सुटला की लोक नदीकाठच्या देवळात आमच्या सभेपुढे येत. बाकीचे शास्त्री पोथ्या चाळत, एकमेकांच्या तोंडाकडे पाहत. मी पोथी न उघडताच निर्णय सांगून मोकळा होई. घासाघीस करणाऱ्या यजमानाला मी असं काही बोलत असे की तो पुन्हा मान वर करत नसे.

एका वैशाखात बुधवार पेठेतले एक गृहस्थ माझ्या दारी आले. उत्तरेच्या मोहिमेवर ते फौजेत कारकून होते, आणि त्यांच्याच हाताखाली माझा मुलगा. मुलगा जखमी पायामुळे बऱ्हाणपुराला मागे राहिला होता. त्याचं पत्र ते घेऊन आले होते. मुलगा जिवंत आहे एवढं ऐकूनच माझी बायको देवापुढे जाऊन बसली. मी गृहस्थांना पाट दिला, गूळपाणी पुढे केलं. त्यांनी ते घेतलं नाही.

"शास्त्रीबुवा, आधी ऐकून घ्या. मग पाणी द्यायचं की नाही ते ठरवा," ते म्हणाले.

फौज मोडली तेव्हा त्यांना तीन दिवस पाणी मिळालं नव्हतं. वाटेत एका मुसलमान पखालवाल्यानं आपल्या कातडी पखालीतलं पाणी त्यांच्या ओंजळीत ओतलं आणि ते प्यायले. सांगितलं नसतं तर पुण्यात कुणाला कळलं नसतं. "पण चोरून पंक्तीला बसणं मला जमायचं नाही," ते म्हणाले. मी गूळपाण्याचं भांडं उचलून आत नेऊन ठेवलं.

सभेत एक वृद्ध शास्त्री म्हणाले, "जीव जात होता. हा आपद्धर्म झाला. पंचगव्य द्या आणि सोडा." मी म्हणालो, "तहान लागली की धर्म सुटतो असं आज म्हणालात, तर उद्या अवघ्या पुण्याला तहान लागेल." मंडळी हसली. बारा महिने पंक्तीबाहेर आणि त्यानंतर प्रायश्चित्त, असं ठरलं. तोवर त्यांच्या घरी कुणी जेवायचं नाही आणि त्यांना कुणी जेवायला बोलवायचं नाही. गृहस्थांनी सभेला नमस्कार केला आणि खाली मान घालून निघून गेले.

ज्येष्ठात मुलगा लंगडत घरी आला. पहिल्याच दिवशी जेवताना त्यानं त्या गृहस्थांची चौकशी केली. मी निर्णय सांगितला तसा त्याचा हात पानावर थांबला.

"बाबा, त्या पखालवाल्यानं आधी माझ्या ओंजळीत पाणी ओतलं. मी प्यायल्यावर त्यांच्या."

आणि लाजिरवाणी गोष्ट ही की त्याच क्षणी मला आपद्धर्म आठवला. त्यावरची वचनं एकामागून एक आठवली. महिन्याभरापूर्वी त्यातलं एकही मला सुचलं नव्हतं. मी मुलाला म्हणालो, "हे बाहेर बोलायचं नाही." तो ऐकेना. सभेत जाऊन सांगतो म्हणाला. तेव्हा मी त्याला आईची शपथ घातली.

सभेत सांगू का, असं आषाढात त्यानं मला दोनदा विचारलं, श्रावणात एकदा. नंतर विचारायचा थांबला. जेवताना तो माझ्याकडे पाहीनासा झाला. मी मात्र त्याच्या पानाशेजारी बसून रोज जेवलो, आणि मला कसलीही भीती वाटली नाही. माझ्या निर्णयाप्रमाणे मला दोष लागत होता आणि माझ्यामुळे मी जेवत होतो त्या प्रत्येक घराला. तरी भातावर तूप वाढून घेताना माझा हात कधी अडखळला नाही. याचा अर्थ मला उशिरा कळला. ज्या नियमासाठी मी एका माणसाला घराबाहेर तोंड दाखवणं नकोसं केलं होतं, त्यावर माझा स्वतःचाच विश्वास नव्हता. मला स्वतःची अशी किळस कधी आली नव्हती.

भाद्रपदातल्या पितृपक्षात त्या गृहस्थांच्या वडिलांची तिथी होती. पुण्यात त्या पंधरवड्यात ब्राह्मणांना एका घरून दुसऱ्या घरी पळताना दम लागतो. त्यांच्याकडे कोणी जाणार नव्हतं. मी स्नान करून, सोवळं नेसून दुपारी त्यांच्या दारात उभा राहिलो.

आत दोन पाट मांडले होते. ब्राह्मण मिळाला नाही की दर्भाच्या गवताची गाठ मारून पाटावर ठेवतात आणि ब्राह्मण बसला असं समजतात. तशा दोन गाठी ठेवून, त्यांच्यापुढे पानं वाढून ते हात जोडून बसले होते.

"मी जेवायला आलोय," मी म्हणालो.

ते उठून दाराशी आले. "नको. मुदत संपलेली नाही. आपल्याला दोष लागेल."

"तो लागलेलाच आहे. माझा मुलगाही ते पाणी प्यायला होता."

"हो, माझ्यासमोरच," ते शांतपणे म्हणाले. "पत्र मीच आणलं होतं ना. मला वाटलं, त्यानं त्यात लिहिलं असेल."

म्हणजे पहिल्या दिवसापासून त्यांची समजूत अशी की मी सगळं जाणून त्यांना शिक्षा दिली. आणि तरी त्यांनी सभेत मुलाचं नाव घेतलं नव्हतं. पत्रात फक्त खुशाली होती, मला तेव्हा काही ठाऊक नव्हतं, असं सांगायला मी तोंड उघडलं. पण तीन महिने तर ठाऊक होतं. त्यांनी मला नमस्कार केला आणि दार लोटून घेतलं.

त्या संध्याकाळी मी सभेत सगळं सांगितलं. सगळे एकदम बोलू लागले. पोर जखमी होतं, जीव जात होता, हा तर उघड आपद्धर्म. बापलेकांनी उद्या पंचगव्य घ्यावं म्हणजे झालं. मी म्हणालो, "मग त्यांनाही आजच मोकळं करा." ते म्हणाले, एकदा दिलेला निर्णय फिरवता येत नाही, सभेची अब्रू जाते.

"तर मलाही बारा महिने द्या."

ते शब्द उच्चारायला एकही शास्त्री तयार होईना. मग मीच ते उच्चारले आणि देवळाच्या पायऱ्या उतरलो.

मुलगा आता माझ्याशी बोलतो. ते गृहस्थ वैशाखात मोकळे झाले, मी भाद्रपदात. पण त्यांच्या वडिलांचं त्या वर्षीचं पान गवतापुढे वाढलं गेलं, आणि मला ते कधी जेवता येणार नाही.