दामिनीवरचं वाक्य

वलगावात अपेक्षा आणि दामिनी या चुलत बहिणी भिंतीला भिंत लागलेल्या घरांत वाढल्या. त्या कॉलेजात असताना त्यांच्या बापांची शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, मारामारी झाली. अपेक्षाच्या बापानं, बुधाजीनं, धाकट्या भावाच्या, नत्थुजीच्या, खांद्यावर फावडं घातलं. प्रकरण कोर्टात गेलं, दोन्ही घरांतलं बोलणं बंद झालं. पोरी मात्र गावाबाहेर आल्या की एकाच स्कूटीवर बसून अमरावतीला सरकारी भरतीच्या क्लासला जात.

क्लासमध्ये इंग्रजी शिकवायला श्याम सर होते. शब्द चेहऱ्याला चिकटवला की विसरत नाही, असं ते म्हणत. वलगावच्या भांडणाची बातमी त्यांना कुठून तरी लागली होती. युद्ध, झगडा, चढाओढ यांच्या शब्दांचा धडा निघाला तसं त्यांनी दोघींना फळ्यापाशी समोरासमोर उभं केलं.

"फ्यूड म्हंजे पिढीजात वैर. पाहून घ्या, उभं आहे."

पोरं हसली.

"सर, आमच्या घरचं नका घेऊ," दामिनी म्हणाली.

"काहून? ध्यानात राहाले पायजे ना."

मग ते रोजचंच झालं. क्लॅश आला, दोघी उभ्या. रायव्हल आला, दोघी उभ्या. सराव परीक्षेत दामिनी पुढं गेली की सर अपेक्षाला विचारायचे, "हारली का वं?" पोरं दोघींच्या नावानं पैजा लावू लागली. परतताना स्कूटीवर बोलणं कमी होत गेलं. दामिनीचे गुण कळले की अपेक्षा आपले गुण त्यांच्याशी ताडून पाहायची, आणि याला कोणता शब्द, हे तिला आता माहीत होतं: रायव्हल.

त्याच सुमारास एका पहाटे नत्थुजी मागच्या दारानं आला. अपेक्षा चुलीपाशी होती. त्यानं भावाचे पाय धरले. "दादा, केस मागं घेतो मी. पण माह्या पोरीच्या सोयरिकीत आडवा नको येऊ." बुधाजीनं पाय सोडवून घेतला आणि तो आंघोळीला निघून गेला. हे दामिनीला माहीत नव्हतं.

चार दिवसांनी सरांनी 'डिफीट' शब्द दिला आणि वाक्य मागितलं. अपेक्षा उठली. हिचा बाप आमच्या घरी येऊन माझ्या बापाच्या पाया पडून रडला, असं तिनं स्वच्छ इंग्रजीत सांगितलं. क्लासनं टाळ्या वाजवल्या. "शाबास, याले म्हणते वाक्य," सर म्हणाले. दामिनीनं पिशवी उचलली आणि ती बाहेर गेली. ती परत क्लासला आलीच नाही. दोन महिन्यांत तिचं मूर्तिजापूरला लग्न लावून दिलं. अपेक्षाची भरती झाली, तिला अकोल्याला नोकरी लागली.

पुढं म्हाताऱ्यांची तडजोड झाली. आता दोघं भाऊ एकाच ओट्यावर बसून तंबाखू मळतात. अपेक्षाच्या भावाचं, पियुषचं, लग्न ठरलं तेव्हा बुधाजीच म्हणाला, "दामिनीले पत्रिका दे. घरची पोरगी आहे ते."

अपेक्षा मूर्तिजापूरला गेली. दामिनीनं पाणी दिलं, चहा दिला, पत्रिका टीव्हीवर ठेवली.

"दामिने, काही बोल न वं."

"चहा घ्या तुमी. थंडा होऊन राह्यला."

बहीण आपल्याला अहोजाहो करते आहे, हे कळायला अपेक्षाला एक क्षण लागला. ती चपला घालत होती तेव्हा दामिनीच्या सासूनं आतून विचारलं, "कोण आली होती वं?"

"कोणी नाई," दामिनी म्हणाली. "आमच्या गावाकडची आहे एक."