चार भरलेले खण

कामावर सगळे त्याला ‘दोनदा’ म्हणत. लिफ्टची दुरुस्ती करणारा माणूस, आणि प्रत्येक बोल्ट पाना लावून दोनदा बघणार. घराला कुलूप लावलं की तीनदा ओढणार, अर्ध्या जिन्यावरून परत येऊन चौथ्यांदा. ताकही फुंकून पिणाऱ्यांतला. बायको म्हणायची, “लग्नात पाळकसाहेबांनी कबूल आहे का विचारलं, तर यांनी प्रश्न परत विचारायला लावला.” पहिल्यांदा नीट ऐकू आलं नव्हतं, एवढंच त्याचं म्हणणं.

नव्या मिस्त्र्यांना तो एक गोष्ट पढवून ठेवायचा. लिफ्ट पोलादी दोरांवर लटकते, आणि ते दोर सहजासहजी तुटत नाहीत. तरीही केबिनच्या खाली सेफ्टी असते. दोर गेलेच, तर रुळांना घट्ट धरून ठेवणारा ब्रेक. “दोरावर विश्वास ठेवायचा,” तो सांगायचा, “आणि सेफ्टी तपासायची. एकाने दुसऱ्याचा अपमान होत नाही.”

इतकं शहाणपण ज्याच्या जिभेवर होतं, त्याने स्वतःच्या घरात काय केलं ते ऐका.

त्याला एकच मुलगी, एकोणीस वर्षांची. सहाव्या वर्षापासून तिला आकडी यायची. सकाळ-संध्याकाळ गोळ्या. आई दर रविवारी सात खणांची प्लॅस्टिकची डबी भरून द्यायची आणि मुलगी ती पिशवीत ठेवायची. मोठी झाल्यावर गोळ्या तिच्या तीच घ्यायची. आईने विचारलेलं तिला खपत नसे. शेवटचे अकरा महिने एकही आकडी आली नव्हती. पोरगी हसायला लागली होती, टायपिंगच्या परीक्षेला बसणार होती.

एका रविवारी चर्चमध्ये शुभवर्तमानातला तो उतारा होता: आकडी येणाऱ्या मुलाला घेऊन बाप प्रभूकडे येतो. तुमच्याने होत असेल तर काही करा, म्हणतो. प्रभू त्या ‘असेल तर’वरच बोट ठेवतो. तेव्हा बाप रडत ओरडतो, विश्वास आहे माझा, जिथे कमी पडतो तिथे तुम्ही हात द्या. पाळकसाहेब माणूस वाईट नव्हता, पण प्रवचनात लोकांना हसवायची त्याला खोड. तो म्हणाला, “आपले लिफ्टवाले भाऊ त्या ठिकाणी असते, तर म्हणाले असते, प्रभू, आधी सेफ्टी दाखवा.” सगळं चर्च हसलं. बायको हसली, मुलगी तर तोंडावर रुमाल धरून हसली. तोही हसला, पण ते वाक्य त्याच्या जिव्हारी लागलं. अकरा महिने देवाने मुलीला सांभाळलं आणि आपण अजून गोळ्या मोजतोय, म्हणजे आपणच तो ‘असेल तर’वाला बाप, असं त्याच्या डोक्याने घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीला बसस्टॉपवर सोडताना तो म्हणाला, “आजपासून गोळ्या नको घेऊस. आईला सांगू नकोस, ती घाबरेल.”

मुलगी त्याच्याकडे बघतच राहिली. “बाबा, मला भीती वाटते.”

“मलाही वाटते. म्हणून तर.”

“तुमचा विश्वास आहे ना पण? नक्की?”

“आहे.”

“मग झालं,” ती म्हणाली आणि बसमध्ये चढली.

डॉक्टरला विचारलं असतं, तर त्याने ओरडून सांगितलं असतं की अशा गोळ्या एकदम बंद करायच्या नसतात. तीस वर्षांत एकही लिफ्ट नुसत्या दोरावर न सोडणाऱ्या माणसाने विचारलं नाही.

शुक्रवारी सकाळी ती न्हाणीघरात पडली. डोकं नळावर आपटलं. कडी आतून लावलेली. आईने हाका मारल्या, दार ठोठावलं, शेजाऱ्यांनी दार फोडलं. तेव्हा हा एका इमारतीत लिफ्टच्या खड्ड्यात उभा होता आणि तिथे फोन लागत नव्हता.

पोरगी गेली, घर बसलं. आला-गेला कडीला दोष देई. त्याने कडी काढून टाकली, आणि दारावर स्क्रूची चार भोकं राहिली. गोळ्यांची डबी त्याने कपाटात, गादीखाली, सगळीकडे शोधली, ती मिळाली नाही. बायकोला काही ठाऊक नाही, यावर त्याने वर्ष काढलं. रोज सकाळी सांगायचं ठरवायचा आणि रोज चहाबरोबर गिळायचा. दर रविवारी कबरीवर एकटाच जायचा. बायको एकदाही आली नाही. तिला सोसत नसेल, असं तो धरून चालला होता. प्रार्थनेला बसला की तोंडातून शब्द निघायचे आणि आत काहीही हलायचं नाही.

वर्षाने चर्चमध्ये वाचनाची यादी लागली, कुठल्या रविवारी कोणी उतारा वाचायचा त्याची. तोच उतारा, आणि समोर त्याचं नाव. बदलून मागता आलं असतं. त्याने मागितलं नाही. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

तो उभा राहिला आणि वाचू लागला. हे याला कधीपासून होतंय, असं प्रभू विचारतो, बाप सांगतो, लहानपणापासून. तिथवर आवाज ठीक होता. पुढे बापाच्या ओरडण्याची ओळ आली आणि तो थांबला. चर्चमध्ये कुणीतरी खोकलं. “हे माझ्याने वाचवत नाही,” तो म्हणाला आणि खाली येऊन बसला. पाळकसाहेबांनी उरलेलं वाचलं. नंतर लोकांनी पाठीवर हात ठेवले. त्या हातांची त्याला शिसारी आली.

घरी आल्यावर बायको पाण्याचा तांब्या घेऊन समोर बसली. त्याने तांब्या बाजूला केला.

“तिच्या गोळ्या मी बंद केल्या होत्या. सोमवारपासून. देवावर विश्वास म्हणून. तुला सांगू नको म्हणालो तिला.”

बायको उठली, शिलाईच्या डब्यातून कापडात गुंडाळलेली ती डबी काढून तिने त्याच्यापुढे ठेवली. सोमवार ते गुरुवार, रिकामे असायला हवे होते ते चारही खण भरलेले.

“पिशवीत सापडली होती,” ती म्हणाली. “मला वाटलं, तिनेच सोडल्या. कंटाळली जिवाला आणि मला सांगितलंसुद्धा नाही. तुम्हाला कळलं तर तुम्ही खचाल, म्हणून लपवली.”

“अगं...”

“वर्षभर मी तिच्यावर रागावून होते. मेलेल्या पोरीवर. म्हणून गेले नाही तिच्याकडे. म्हटलं, तिला आई नको होती, तर आता कशाला जाऊ.”

त्याने तिचा हात धरायला हात पुढे केला. तिने आपला मागे घेतला, चपला पायात सरकवल्या, डबी पदराखाली घेतली. तोही उठला.

“तुम्ही येऊ नका,” ती म्हणाली. “आज मला तिची माफी मागायची आहे. तुमची तुम्ही नंतर मागा.”