उघड्या तोंडाची गोधडी

आमच्या घरी फाटक्या कापडाची तीन गाठोडी होती आणि तिन्हींवर सासूबाईंचा पहारा. एकात धुऊन धुऊन मऊ झालेली लुगडी आणि धोतरं. ती गोधडीच्या वरच्या आणि खालच्या अंगाला लागत. दुसऱ्यात जाडंभरडं, म्हणजे जुने टॉवेल आणि माझा भाऊ जवाहरनगरच्या कारखान्यात होता त्याच्या खाकी पँटा. ते आत भरायला. तिसऱ्यात सिहोऱ्याच्या बाजारातल्या शिंप्याकडून आणलेली कातरणं. टेरीकॉट तेव्हा नुकतंच गावात येऊ लागलं होतं. सासूबाई ते चिमटीत धरून बाजूला टाकायच्या. "हे का कापड आहे? घाम पीत नाही, सुईले रस्ता देत नाही." त्याची पायपुसणी व्हायची. मी नवी असताना घाईघाईत एक टेरीकॉटचा तुकडा मऊ गाठोड्यात टाकला, तर दिवसभर ऐकून घ्यावं लागलं. "तुह्या मायनं तुले डोळे देले का बटनं?"

आणखी एक रीत होती. गोधडी चारी बाजूंनी शिवत आणायची आणि शेवटी हात जाईल एवढं तोंड ठेवायचं. त्यातून धानाचे चार दाणे आत सोडायचे, मगच तोंड शिवायचं. याला आम्ही गोधडीचं पोट भरणं म्हणत असू. लेकराची गोधडी असली तर दाणे त्याच्या आईनंच सोडायचे. उपाशी गोधडीत लेकराला झोप लागत नाही, असं सासूबाई मानायच्या, आणि त्या मानायच्या म्हणून आम्हीही.

माझी नणंद माझ्याहून लहान. तिच्या नवऱ्याला रोवणीच्या दिवसांत धानाच्या बांधीत पान लागलं. पान लागलं म्हणजे साप चावला, आमच्याकडे त्याचं नाव घेत नाहीत. ती तीन वर्षांची पोरगी कडेवर घेऊन माहेरी आली आणि राहिली. वर्ष उलटलं तसे घरचे तिच्या पाटाचं, म्हणजे दुसऱ्या लग्नाचं, बोलू लागले. आमच्यात पाट लावतात, त्यात वावगं काही नव्हतं. स्थळ नदीपल्याडचं, बालाघाटकडचं. माणूस बिजवर, शेतीभाती बरी. पण तो म्हणाला, पोरगी आत्ता नको. वर्षभर जाऊ द्या, मग नेऊ.

आता पाटाच्या बाईनं पहिल्या नवऱ्याच्या घरचं सूतही अंगावर न्यायचं नसते. म्हणजे तिच्या साऱ्या साड्या इथंच राहणार. सासूबाईंनी त्या पेटीतून काढल्या, मांडीवर घेतल्या आणि फाडायला काठ शोधू लागल्या. नणंद आली आणि तिनं त्यांच्या हातावर हात ठेवला.

"माय, गाठोड्यात नको टाकू. पोरीची गोधडी शिवतो."

"साऱ्या साड्यांची? लेकराले केवढी गोधडी लागते?"

"लेकरू मोठं होईन ना."

मग ती शिवतच राहिली. परसातल्या पेरूखाली बसायची. पोरगी गोधडीवर लोळायची आणि ही तिला उचलून बाजूला ठेवायची, पुन्हा दोरा ओवायची. लग्नातली हिरवी साडी तिनं मधोमध घातली. दोरे इतके जवळजवळ की मी म्हटलं, "बाई, गोधडी शिवून राहिले का बांध घालून राहिले?" ती हसली. तेवढंच तिचं हसणं मला त्या दिवसांतलं आठवते.

जायच्या आदल्या दिवशी गोधडी तोंडापर्यंत आली. मी विचारलं, "दाणे आणू?"

"राहू द्या, वहिनी. पोरीले न्यायले येईन तवा भरतो. तोंड उघडं राहिलं म्हंजे मले यावंच लागन."

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "उपाशी गोधडी कोणी लेकराच्या अंगावर टाकते का?"

"तू टाक, माय. माह्यासाठी टाक."

पाटाची बाई उजाडायच्या आत गाव सोडते. ती गेली तेव्हा पोरगी त्याच गोधडीत झोपली होती.

पोरीला आम्ही सांगितलं, आई गोधडीचं तोंड शिवायला येणार आहे. तिनं ते मनावर घेतलं. रोज सकाळी तोंडात हात घालून बघायची, आतलं सारं जागेवर आहे का. दिवाळीला तिचा झगा तोकडा झाला. सासूबाई तो फाडायला बसल्या तर ही समोर उभी.

"आजी, एक तुकडा मले दे."

"कायले?"

"आईले दाखवाले. मी केवढी होतो ते तिले कसं समजन?"

ज्या बाईनं कधी बोटभर चिंधी कुणाला दिली नाही, तिनं झग्याचा छातीवरचा भाग, फुलाचा, नीट कापून तिच्या हातात दिला. पोरीनं तो घडी करून गोधडीच्या तोंडातून आत सरकवला. मग दर झग्याचा तुकडा आत जाऊ लागला. शाळेत घातल्यावर तिची पहिली रिबन जुनी झाली, तीही आत गेली. एकदा तिनं माझ्या पोलक्याचं निळं टेरीकॉट आत कोंबलं. सासूबाई गोधडी झटकत होत्या, त्यांच्या हाताला ते लागलंच. बोटं तिथं थांबली. मी मनात म्हटलं, आता ऐकते पोरगी. पण त्यांनी गोधडीची घडी केली आणि उतरंडीजवळ ठेवून दिली.

वर्ष झालं, दुसरंही झालं. निरोप यायचे. कापणी आहे, मग येतो. घरी दुखणं आहे, मग येतो. मग कळलं, तिला दिवस गेले आहेत. बाळंत झाली की येतो, पोरीले तयार ठेवा. सासूबाईंनी पोरीसाठी नवा झगा शिवून घेतला, मुद्दाम जरा मोठा.

त्यानंतर नदीपल्याडचा एक माणूस बैल घ्यायला आमच्याकडे आला. ओसरीत बसून पाणी प्याला आणि म्हणाला, "तुमाले समजलंच असन." आम्हाला काही समजलं नव्हतं. ती बाळंतपणात गेली होती. लेकरूही गेलं. तेरवी होऊन गेली होती.

पोरगी शाळेत होती. तिला सांगायचं नाही असं ठरलं. कोणी ठरवलं ते आठवत नाही.

चौथ्या दिवशी माझी चुलतसासू आली. रडून झाल्यावर तिची नजर दोरीवरच्या गोधडीवर गेली. "मेलेल्या बाईचं कापड घरात ठेवता? आणि त्यात लेकरू झोपवता? वैनगंगेत सोडा ते."

सासूबाई उठल्या. गोधडी दोरीवरून काढून मांडीवर घेऊन बसल्या. फार शांत बोलल्या. "ह्या साड्या कोणाच्या? पहिल्या जावयाच्या घरच्या. पाट लावला तवा तुम्हीच सांगितलं ना, याचा एक दोरा तिकडं नेऊ नका म्हणून. नाही नेला. मेली ते नदीपल्याडच्याची बायको मेली. त्याच्या घरचं कापड त्यानं सोडावं नदीत. याले हात नाही लावायचा."

चुलतसासू पदर सावरत निघून गेली. सासूबाई मला म्हणाल्या, "सुई आण. आन् धान."

त्या तोंड शिवू लागल्या. अर्धं झालं असेल तेवढ्यात पोरगी शाळेतून आली. दप्तर खांद्यावरच होतं. ती दारातच थांबली आणि त्या सुईकडे बघत राहिली.

"आजी, तू काहून शिवून राहिली?"

सासूबाईंनी सुई गोधडीत टोचून ठेवली. सुपात धानाचे दाणे होते. पोरगी जवळ आली, तिनं चार उचलले. "मी टाकतो."

"तुही गोधडी आहे. तू नाही टाकायचे, बेटा. आईनं टाकाचे असते."

"मग आईले बोलाव."

पोरगी आजीच्या तोंडाकडे बघत होती. मग मी बघितलं, तिची मूठ हळूहळू आवळत गेली. सासूबाईंनी ती मूठ तशीच हातात धरली, गोधडीच्या तोंडात नेली आणि आत गेल्यावर सोडली. हात बाहेर आला तो रिकामा. उरलेले टाके त्यांनी घातले. दिसत नव्हतं, अंदाजानं घातले, म्हणून तिथले दोरे वाकडे आहेत.

पोरगी त्या गोधडीत पुन्हा झोपली नाही. माझ्या कुशीत, माझ्या पांघरुणात झोपायची.

तिचं लग्न झालं तेव्हा सासूबाई नव्हत्या. मी गोधडी काढली, म्हटलं ने. ती म्हणाली, "मामी, आईनं नेलं नाही. मीही नाही नेत."

जुनी गोधडी विरली की ती उसवायची, आतलं धडधाकट निवडून पुन्हा गाठोड्यात घालायचं, असंच मी शिकले आणि आजही तसंच करते. ही एक मात्र उसवत नाही. वरचं कापड गेलं की त्यावर नवं घालते. आतल्या सुताचे आता गोळे झाले असतील. उन्हात टाकून झटकते तेव्हा एका जागी हाताला काही ताठ लागते. ते निळं टेरीकॉट. त्याला काही झालेलं नाही.