जमीन शेवटी लावायची

सुजाताताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी नवीन जालन्यात तिनंच सांगितलेले कपॅसिटर घेत होतो. "बराबर बघून घे, दुकानदार देईल ते उचलू नको," असं सकाळी दटावणारी माझी थोरली बहीण दुपारी नव्हती... हृदयानं दगा दिला. पुडी तशीच घरी आली. त्याला आता काही आठवडे झाले. रडगाणं मात्र मी लिहिणार नाही, ताईला ते खपलं नसतं.

ताई मंठ्यात ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायची आणि माझं तिथंच साउंड सिस्टीम दुरुस्तीचं दुकान. मी म्हणजे उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. सर्किट डोक्यात आलं की लगेच सोल्डरिंगचा डाग द्यायला बसायचो, धूर निघाला की चूक कळायची. एकदा असाच धूर निघाला तेव्हा तिनं लॅपटॉप पुढ्यात ठेवला. "काय करून राह्यलास रे? आधी इथं जाळून बघ, मंग तिथं. इथं जळायला खर्चा न्हाई." सॉफ्टवेअर फुकटचं, कुणीही उघडून बदलावं असं. पडद्यावर चित्र काढायचं आणि बटण दाबलं की त्याची नेटलिस्ट तयार, म्हणजे कोणता भाग कुठं जोडलाय ते ओळीओळीनं लिहिलेलं. ते वाचून संगणक सर्किट चालवून दाखवायचा. सर्किट अजून जन्माला आलेलं नाही, आणि त्याचा आलेख समोर! मी वेडाच झालो. आई जेवायला हाका मारून थकायची.

त्यात ताईची एक तऱ्हा होती. चित्रात ग्राउंडचं चिन्ह नसेल तर संगणकाचा हिशेबच लागत नाही, सगळे व्होल्टेज तिथून मोजायचे. ताई त्याला जमीन म्हणायची. ते चिन्ह ती मुद्दाम शेवटी ठेवायची आणि घरात असेल त्याला हाक मारायची, "या, जमीन तुम्ही लावा." शेजारच्या काकू, दूधवाले मामा, आमची आई... सगळ्यांनी लावलीय. मी चिडायचो, "ताई, जल्दी कर ना!" ती म्हणायची, "ज्यानं जमीन लावली, त्याचं बी सर्किट."

शेवटचं काम विहाराच्या अँप्लिफायरचं. गेल्या जयंतीला मुलींची भाषणं विजेच्या घूं-घूं आवाजात बुडाली, एक तर रडतच खाली उतरली. "पुढल्या जयंतीला तुझा शब्दन् शब्द ऐकू येईल," असं ताईनं तिला कबूल केलं होतं. ती घूं गाळणारं सर्किट ती काढत होती. ते पुरं झालं की नाही, मला ठाऊक नव्हतं.

परवा धीर करून लॅपटॉप उघडला. चित्र होतं, नेटलिस्टही निघाली, पण सर्किट काही चालेना. ताईचं शेवटचं सर्किट, आणि चुकलेलं? एकेक जोड तपासला, सगळे बरोबर. मग डोक्यात लख्ख उजेड पडला आणि मी ओरडलोच, "आई, ये गं लवकर!"

आई पिठाचे हात पुसत आली. मी तोंड उघडायच्या आधीच म्हणाली, "जमीन लावायची राह्यली का?" तिनं चिन्ह ओढत नेऊन जागेवर ठेवलं, मी बटण दाबलं. आलेखाची रेघ सरळ चालत आली आणि घूं असते नेमकी तिथंच खोल खाली गेली.

"पडली की रे... बिघडलं का?"

"न्हाई आई! जमलं! घूं तेवढी गळाली, बिलकुल जमलं!"

आम्ही दोघंही हसत रडलो.

पुडीतले कपॅसिटर काल विहाराच्या अँप्लिफायरला लावले. आता तिथल्याच दुसऱ्या माइकच्या सर्किटचं चित्र मी काढलंय, ताईच्या खुर्चीत बसून. सगळं जोडून झालंय, जमीन तेवढी लावलेली नाही. गेल्या जयंतीला रडत उतरलेली ती मुलगी संध्याकाळी येणार आहे.