ज्यानं वाचवलं, त्यानंच पोसलं

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत माझा मोठा भाऊ ऑक्सिजनवरून सुखरूप घरी आला, तेव्हा वहिनीनं दारातच त्याची दृष्ट काढली. नागपुरात गांधीबागेत त्याचं कापडाचं दुकान. माणूस बोलका, गोडाचा शौकीन, आणि मधुमेह कित्येक वर्षांचा. दवाखान्यात त्याला जगवायला स्टेरॉइड द्यावं लागलं, त्यानं साखर आणखी चढली. पण तो घरी आला होता. पुढचं काही कुणाला सुचतच नव्हतं.

आठवडाही झाला नसेल, त्याचा फोन आला. "गालाले हात लावला तर काही समजूनच नाही राहिलं वं. नाक बी बंद आहे."

मी सदर भागातल्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. दरवर्षी ओल्या पावावर बुरशी वाढवून पोरांना दाखवते. हिचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात, ओल, ऊब आणि खाद्य मिळालं की रुजतात, एवढं सांगून तास संपवते. भावाचं बोलणं ऐकताना मला तीच आठवली, मी त्याला लगेच दवाखान्यात न्यायला लावलं.

तपासणीत तेच निघालं. त्याच जातकुळीतली बुरशी त्याच्या नाकातून वर चढत होती. बुरशीवरच्या इंजेक्शनसाठी मी आणि भावाची मुलगी शहरभर फिरलो. औषधांचे दुकानदार आम्हाला येताना पाहूनच नकारार्थी मान हलवायचे. शेवटी थोडी मिळाली, पण डॉक्टर म्हणाले, ही बुरशी रक्तवाहिन्याच बंद करते, मेलेल्या भागापर्यंत औषध पोचत नाही. तो भाग काढावाच लागेल. डावा डोळा आणि वरचा अर्धा जबडा.

वहिनीनं माझा हात घट्ट धरला. "ताई, तुम्ही तर हेच शिकवता. काहीतरी सांगा ना डॉक्टरले."

बुरशी कशी वाढते, ते मी शिकवत होते. ती थांबवायची कशी, ते नाही.

ऑपरेशननंतर भावाचं बोलणं फुटकं, फुसफुसतं झालं. पट्टी निघाल्यावर त्यानं पहिल्यांदा विचारलं, "हे मले कुठून लागलं वं?"

"कुठूनच नाही, भाऊ. हवेतच राहते. माझ्या बी नाकात असन."

"मग मलेच काहून?"

मी सांगितलं. वाढलेली साखर, आजारानं खचलेलं शरीर, औषधानं दबलेली प्रतिकारशक्ती. एवढं जुळून आलं की एरवी मुकाट पडून राहणारी बुरशी फोफावते. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे ज्या औषधानं मले वाचवलं, त्यानंच तिले पोसलं?"



भाऊ जगला. टाळूला कृत्रिम प्लेट लावून जेवतो, काळा चष्मा घालून दुकानात बसतो. साखर आता आटोक्यात आहे. पण भर मे महिन्यात, नागपूरच्या उन्हात, तो घरात कूलर लावू देत नाही.

"त्या कूलरच्या ओल्या वाळ्याच्या ताट्यांत काय काय असन, तुलेच माहीत."

"भाऊ, कूलरनं नाही झालं ते."

"मग कशानं झालं, ते थांबवता आलं का तुले?"

वहिनी घामानं निथळत पोळ्या लाटत असते, हवेच्या धास्तीनं खिडक्याही बंद असतात. मीही आता वाद घालत नाही. त्या कोंदट खोलीत त्याच्या उजव्या बाजूला खुर्ची ओढून बसते, म्हणजे मी त्याला दिसते.