पुस्तकाला लागलेला पाय

देवदत्तने कॉलेजात एकांकिका गाजवल्या होत्या. पण वडिलांनी, पुरुषोत्तमरावांनी, एकदाच सुनावलं, "तोंडाला रंग फासून पोट भरत नाही." पोरगा मुकाट्याने कॉम्प्युटरकडे वळला आणि परदेशात, सँडीफोर्डच्या एका ऑफिसात येऊन पडला. पोट भरलं. बाकीचं कोण विचारतो?

गंमत म्हणजे वडिलांचं स्वतःचं पुण्यात वाचनालय, तेही हेरकथा आणि खूनकथांचं. पण त्या फाटक्या पुस्तकांना चुकून जरी पाय लागला, तरी वाकून हात लावायचा आणि तो कपाळाला टेकवायचा, हा घरचा दंडक. विसरला की पाठीत धपाटा.

पन्नाशी जवळ आली तेव्हा देवदत्तला सिनेमा मिळाला. जुन्या चवन्नीछाप हेरकादंबरीवरून काढलेला, थोडा पैसा बेल्जियमचा, थोडा इथला. हेलिकॉप्टर परवडत नाही म्हणून त्याचा नुसता आवाज! याला खलनायकाचा मारेकरी केलं होतं. संवाद एकही नाही, पण क्लोजअप होता. त्याने पुण्याला फोन लावला, "बाबा, उन्हाळ्यात इकडे याच. थिएटरात माझा चेहरा बघायचाय तुम्हाला." बापाने एकदा तरी मान डोलवावी, एवढीच त्याची हाव होती.

नावन गावाजवळच्या ओस गिरणीत शूटिंग झालं. पुस्तकांचा ढीग लाथेने उडवायचा, पिस्तूल रोखायचं आणि कॅमेऱ्याकडे खुनशी बघायचं. त्याने लाथ मारली, आणि काही कळायच्या आत वाकून पुस्तकाला हात लावला, कपाळाला टेकवला. मगच पिस्तूल वर आलं.

"अरे, युअर मॅन, हा गडी, पुस्तकापुढे प्रार्थना करतोय!" दिग्दर्शक ओरडला. सगळे खो खो हसले. पुन्हा घेतलं, पुन्हा हात गेलाच. मेल्या हाताला अभिनय कळतच नव्हता. उजेड गेला तेव्हा दिग्दर्शकाने पाठ थोपटली, "ग्रँड, देव. एडिटिंगमध्ये बघू." हा खुळा त्यावर खूश.

सिनेमा ब्लँचर्डस्टाउनच्या थिएटरला लागला. वडील इस्त्रीचा शर्ट घालून मधल्या खुर्चीत बसले, शेजारी नात गुंजन. पडद्यावर एक बूट आला, पुस्तकं उडाली आणि लगेच नायक पळताना दिसला. संपलं.

"व्हेअर आर यू, बाबा?" गुंजनने विचारलं.

आजोबाच म्हणाले, "तो पाय याचाच. लहानपणापासून डावा आत टाकतो."

घरी परतताना गाडीत वडील म्हणाले, "पुस्तकांना लाथ मारलीस. नमस्कारसुद्धा नाही केलास?"

"केला होता, बाबा. तेवढंच कापलं त्यांनी. चेहरा त्याच्यातच गेला."

"नाही केलास तर नाही म्हण," पुरुषोत्तमराव म्हणाले. "खोटं कशाला बोलतोस?"