भुलाबाईचा झाकलेला डबा

झाकलेला डबा कानाजवळ नेऊन ती खडखड हलवायची आणि समोरच्याला म्हणायची, "वयखा पाहू!" समोर कोण आहे, हे ती पाहत नसे. एकदा विजेचं मीटर वाचायला आलेल्या माणसालाही तिने दारात थांबवून ओळखायला लावलं. तो "चहापत्ती" म्हणाला आणि निघून गेला.

वरवट बकालला ती माझ्या समोरच्या घरात राहायची. अशी हट्टी बाई तुमच्याही गल्लीत असेल, म्हणून जास्त सांगत नाही.

आमच्याकडे भादव्याच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत पोरी घरोघरी भुलाबाईची गाणी म्हणतात. गाणी झाली की घरची बाई खाऊचा डबा झाकून आणते आणि हलवते. आवाजावरून आतलं ओळखायचं, नाहीतर हरलो म्हणायचं. मगच झाकण निघतं. तिच्या दारात पोरी हटकून हरायच्या. ती तळाला शिरा थापायची आणि वर दोन सुपाऱ्या मोकळ्या सोडायची. पोरी "लाडू, लाडू" ओरडून थकायच्या. ही पोट धरून हसायची.

मग पोरी येईनाशा झाल्या. एका कोजागिरीला ती डबा घेऊन ओट्यावर बसून राहिली. कोणी आलं नाही. मी म्हटलं, "आण इकडं, मी खाते."

"तुले माहीत हाय आत काय हाय. तुले काय इचारू?"

सकाळी तो शिरा म्हशीला गेला.

त्याच थंडीत तिच्यासकट आम्हा पाचजणींना नागपूरच्या लोकसंगीत महोत्सवात गायला बोलावलं. शेगावला रेल्वेत बसलो, तर हिच्या मांडीवर डबा.

"काऊन वं आणला? तिथं कोणाले पाह्यजे?"

"डब्याबिगर भुलाबाई संपते काय? एकानं तरी वयखलं पाह्यजे."

आम्ही टिपऱ्या वाजवून गाणी म्हटली. ठीक झाली. एकीने मधेच सूर सोडला, तो कोणाला कळला नाही. टाळ्या झाल्या, आम्ही उतरलो. ही मात्र माईकपाशी गेली आणि डबा हलवला. त्या भोंग्यांतून असा आवाज निघाला, की पुढच्या रांगेतलं लेकरू रडायला लागलं.

"वयखा पाहू!"

सूत्रसंचालन करणारा पोरगा हात जोडून आला. "आजी, वेळ संपली. आम्ही हरलो."

"तू काऊन हरतं बे? तू तं खेयलाच नाही."

लोक हसले. मग एकजण ओरडला, "चिवडा!" दुसरा म्हणाला, "फुटाणे!" कोणी "लाडू" म्हणालं. ही मान हलवत राहिली. पोरगा माईक घ्यायला लागला, तिने सोडला नाही. मला वाटलं, आता आपली शोभा होते.

तेवढ्यात मागून एका बाईचा आवाज आला, "शिरा! वर दोन सुपाऱ्या!"

हिने डोळ्यांवर हात धरला. उजेडामुळे तिला काही दिसेना. "कोन वं ते? वरवटची हायेस काय?"

"हाव आजी! तुमच्याच दारात लाडू लाडू म्हणून हरत होतो!"

ती बाई पुढे आली. चष्मा लावलेली, केस पिकायला लागलेली. हिने झाकण काढलं आणि पहिला घास तिच्या हातावर ठेवला. "लय उशीर केला वं," म्हणाली. बाई हसत खात होती. शिरा सकाळचा होता, गार आणि घट्ट.

परतताना रेल्वेत हिने रिकामा डबा उशाला घेतला आणि शेगावपर्यंत झोपली.

पुढच्या भादव्याआधीच ती गेली. तिच्या सुनेने तो डबा मला दिला. मी त्यात तूरडाळ ठेवते. परवा माझी सून म्हणाली, "आत्याबाई, डायीत दोन सुपाऱ्या काऊन हायेत?"

मी म्हटलं, "राहू दे. डाय काढून झाली की झाकण लाव."